आधी कॉफी

सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या आमच्या विमा कंपनीत चाचणीचा जुना सर्व्हर आज मोडीत काढायचा होता. मी तो बंद केला आणि त्यावरचा डेटा पुसायला घेणार, तेवढ्यात माझी सहकारी विश्न्या म्हणाली, "आधी कॉफी. कॉफीआधी पुसापुशी नको."

कॉफी कपात पडते न पडते तोच सगळे फोन वाजायला लागले. ग्राहकांची वेबसाइट बंद पडली होती.

विश्न्यानं सेटिंगची फाइल उघडली, निवांत एक घोट घेतला. "तीन वर्षांपूर्वी तू चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरचे पत्ते उलटे टाकलेस, राजा. ग्राहक या जुन्यावरच येत होते."

"मग तो महागडा, दोन कुलपांत ठेवलेला खरा सर्व्हर? त्यावर कोण होतं?"

"आपण दोघं. चाचण्या घेत होतो."