शेवटची ओळ

डोळ्यांची डॉक्टर झाल्यावर ती आता संशोधन शिकत होती. नव्या थेंबांनी नजर सुधारते का, एवढाच तिचा प्रश्न होता. दोन वर्षांच्या कामाचा आज शेवटचा दिवस, आणि आतापर्यंत तपासलेला एकूण एक पेशंट सुधारलेला. तिचे मार्गदर्शक सरसुद्धा दोनदा येऊन कागद बघून गेले होते.

शेवटचे पेशंट, एक निवृत्त मास्तर, खुर्चीत बसले. तिने खोलीत अंधार केला आणि त्यांचा डावा डोळा झाकला. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ मास्तरांनी न अडखळता वाचली. तिने नोंद केली. मग तिच्या लक्षात आलं, तक्त्यामागचा दिवा लावायचाच राहिलाय.

"मास्तर, दिवा बंद आहे."

"असं होय? मला कळलंच नाही."

मास्तरांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"रागावू नका, डॉक्टरीणबाई. औषधाचा गुण आला नाही तर तुम्हाला नापास करतील ना? चाळीस वर्षं शिकवलंय मी, बघवत नाही." मग ते हळूच म्हणाले, "बाकीच्यांची काळजी सोडा. थेंब सुरू झाल्यापासून बाहेरच्या बाकावर सगळ्यांकडून घोकून घेतलंय."