एक डोळा मिटून

"आज मडकी नाहीत, आज माणूस," असं म्हणत रविराज सरांनी स्टूल चित्रकलेच्या वर्गाच्या मधोमध ओढलं. बसायला जो वॉचमन येणार होता तो आलाच नव्हता. सरांनी दाराशी उभ्या असलेल्या टोपीवाल्या गृहस्थांना विचारलं, "काका, बसता का जरा? काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

स्वरूपानं पदर पुढे ओढला. ते तिचे सासरे होते.

आप्पासाहेब कोऱ्हाळ्याहून आज तिच्यासोबत आले होते ते मुद्दाम. तुमची सून बारामतीला जाऊन चित्रं शिकते म्हणजे नेमकं काय करते, असं भावकीत कुणीतरी विचारलं होतं आणि आप्पांना उत्तर देता आलं नव्हतं. "एकदा डोळ्यानं बगतो. मग क्लास ठिवायचा का न्हाय ते सांगतो," एवढंच ते म्हणाले होते. एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, ती मागच्या. एरवी क्लासच्या जिन्यात खांद्यावर उतरणारा तिचा पदर आज डोक्यावरच होता.

आप्पा स्टुलावर बसले. टोपी नीट केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आधार कार्डाच्या फोटोला बसावं तसे ताठ झाले.

"पेन्सिल उभी धरा," सर म्हणाले. "हात कोपरात वाकवायचा नाही. एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्या. मोजल्याशिवाय चेहरा काढायचा नाही."

सगळ्यांनी पटापट एक डोळा मिटला. शेजारच्या छकुलीला तर हे शिकवावंही लागलं नाही. स्वरूपानं हात लांब केला. पदर घसरला. तो सावरून तिनं पुन्हा हात लांब केला. आप्पा थेट तिच्याकडेच बघत होते, कारण एवढ्या घोळक्यात ओळखीचं तोंड तेवढं एकच होतं. आता सुनेनं सासऱ्याकडे बघून एक डोळा मिटायचा म्हणजे काय? तोही भर वर्गात?

तिनं दोन्ही मिटले.

"स्वरूपाताई, एकच," सर म्हणाले. "दोन्ही मिटल्यावर दिसणार काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पापणी नुसती फडफडली, आणि ते तर आणखीच वाईट दिसलं असणार. सर माणूस चांगला, पण अगदी सरळ. "अहो, लाजताय कशाला? काका कोण तुमचे?"

"सासरे."

मग मात्र सगळा वर्ग हसला. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. संपला क्लास. आप्पांनी डोळ्यानं बघितलं. घरी जाऊन भावकीला काय सांगतील? सून डोळा मारायला शिकते म्हणून?

आप्पांनी घसा खाकरला. हसणं थांबलं.

"स्वरूपा, मी डोळं मिटतो," ते म्हणाले. "तू बग. किती येळ लागंल तेवढा बग."

आणि त्यांनी खरोखर डोळे मिटून घेतले.

ती बघू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा चेहरा तिनं असा कधी बघितलाच नव्हता. त्यांचे पाय बघितले होते, ताटाशी येणारे हात बघितले होते. कपाळावर आडवी सुरकुती होती, हनुवटीवर जुना व्रण होता. तिनं एक डोळा मिटला आणि नाकापासून उजव्या जबड्यापर्यंत माप घेतलं. मग डाव्या. जुळेना. खोडून पुन्हा घेतलं, तरी जुळेना.

"सर, माझं चुकतंय. एक गाल मोठा येतोय."

सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. स्वतःची पेन्सिल धरून त्यांनी माप घेतलं, मग पुन्हा एकदा घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मोठाच आहे. सूज आहे ती."

सासूबाई इंदापूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून घरातलं सगळं तिच्याकडे होतं. आप्पा कित्येक दिवस भाकरीचे काठ ताटात ठेवत होते, उरलेली कालवणात भिजवून गिळत होते. कालच तिनं चुलीपुढून नवऱ्याला दारातल्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं होतं, "माझ्या हातची भाकरी तुमच्या वडलांच्या घशाखाली उतरत न्हाय. आईच पायजेत त्यान्ला." ओट्यावर आप्पा बसले होते.

मघाशी ती लाजली होती. आता तिला लाज वाटली.

"आप्पा, दाढ दुखतीया?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाय?"

"बोलनार हुतो. पर काल भाकरीचा इषय निगाला. म्हनलं, आता दाढंचं सांगितलं तर तुला वाटंल, म्हातारा निमित्त सांगतोय."

छकुलीनं पेन्सिल खाली ठेवली होती.

"सर म्हनत्यात तुजं माप बरुबर हाय," आप्पा तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "मग शीक की. कुनी इचारलं तर सांगतो मी."

स्वरूपाचा हात अजून तसाच समोर लांब होता.

"झालं का बगून?" त्यांनी विचारलं. "उगडू का आता डोळं?"

तिला हो म्हणवेना.