अठ्ठावीस अंश

मँगनाइटचा स्फटिक चुंबकातून बाहेर काढला की गार होतो, पण त्यासाठी खोलीचं तापमान त्याच्या मर्जीचं लागतं. आमच्या कुवाबारा सरांचा स्फटिक बाविसाला खुलायचा, आणि संस्थेत उन्हाळ्यात एसी अठ्ठाविसाच्या खाली आणायला बंदी.

"मिनेगिशीबाई, एक दिवस तरी!" सरांनी ऑफिसात जाऊन कमरेत वाकून विनवलं.

"नियम म्हणजे नियम, सर. हातपंखा देऊ?"

मग सरांनी वर्षभर भट्टीपुढे बसून, मिश्रण बदलून बदलून, बरोब्बर अठ्ठाविसालाच खुलणारा स्फटिक घडवला. म्हणाले, "आता बसू दे बाईला नियम कवटाळून!"

आज अनुदान ठरवायला तोक्योहून अधिकारी आले. आम्ही सगळे कोट-टाय चढवून उभे होतो. तरी कुणाला घाम नाही, हे गडबडीत लक्षातच आलं नाही. सरांनी स्फटिक चुंबकातून बाहेर ओढला. तापमापकाचा काटा जेमतेम हलला. अधिकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं आणि बॅग उचलली.

तेवढ्यात मिनेगिशीबाई जवाचा गार चहा घेऊन आल्या आणि सरांच्या कानाशी हसून कुजबुजल्या,

"एवढे मोठे पाहुणे, म्हणून आज नियम मोडला हं, सर. सकाळपासून एसी बाविसावर ठेवलाय."