फोटोत नसलेली बायको

"इतिहास दगडात असतो, माणसांत नव्हे," असं जाहीर करून धारपांनी जुन्या नाशकातल्या पहिल्या कोरीव दाराचा फोटो काढला. दारावर कुणाचा तरी बनियन वाळत होता. मग दिवसभर देवळं, कमानी, पितळी कड्या. दर वेळी बायकोला एकच हुकूम, "निर्मला, जरा बाजूला हो." दुपारी त्यांच्या फोनची बॅटरी संपली, तेव्हा त्यांनी तिचा फोन घेतला. संध्याकाळी सराफ बाजाराच्या गर्दीत ती बाजूला झाली, ती सापडेनाच.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "काका, मावशींचा एखादा फोटो दाखवा."

आपला फोन चौकीतच चार्जिंगला लावून धारप दोन्ही फोन चाळू लागले. दारं होती, खिडक्या होत्या, तो बनियनही होता. फक्त ती नव्हती. तिला तर ते दोघं उतरले होते त्या लॉजचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. शेवटी एका कमानीच्या कडेला कोपर आणि हिरवी बांगडी दिसली. "हीच ती, साहेब!" म्हणत ते टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

तेवढ्यात मागून एक रडवेला, ओळखीचा आवाज आला.

"अहो भाऊ, जरा बाजूला व्हा ना. आमचे हे हरवलेत."