घुबडाच्या वाट्याची भुतं

चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला आणि घात झाला. इतका वेळ सायीसारखं मऊ दिसणारं पांढरं चॉकलेट बघता बघता आळलं, त्याच्या गुठळ्या झाल्या. जोलीननं ते खरवडून कचऱ्यात टाकलं, भांडं कोरडं ठाक पुसलं आणि दुसरी वडी फोडायला घेतली.

"सोड ना आता," तिचा नवरा डेरेक दारातून म्हणाला. "दुकानातून आण काहीतरी."

"दुकानातलं चाललं असतं तर मी सकाळपासून इथे झक मारत बसले असते का?"

डेरेक गुपचूप सटकला.

प्रश्न टेसाचा होता. त्यांच्या या एकुलत्या एक लेकीला शेंगदाण्याचं वावडं होतं, आणि तेही साधंसुधं नव्हे. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला तिनं केकचा घास घेतला आणि तिचा श्वासच कोंडला. दवाखान्यात पोचेपर्यंत जोलीनचा जीव अर्धा झाला होता. तेव्हापासून दर हॅलोविनला एकच तमाशा. पोर सोंग घेऊन आईबरोबर दारोदार हिंडायची, पिशवी भरून आणायची, आणि घरी आल्या आल्या जोलीन ती टेबलावर उपडी करून वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचत बसायची. यात शेंगदाणे आहेत, यात त्यांचा अंश आहे, हे शेंगदाण्याच्या कारखान्यात बनलंय. शेवटी उरायचं काय, तर लिमलेटच्या चार गोळ्या. मागच्या वर्षी टेसा रडलीसुद्धा नाही. तिनं रिकाम्या पिशवीची नीट घडी घातली आणि खणात ठेवून दिली. जोलीनला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

यंदा नाही, तिनं ठरवलं. यंदा माझी पोर स्वतःच्या पिशवीतलं खाईल, इतर पोरांसारखं, पोट दुखेपर्यंत.

बिस्किटं तिनं घरीच भाजली होती. एकेक बिस्कीट चॉकलेटात बुडवायचं, निथळू द्यायचं, कागदावर आडवं ठेवायचं आणि ओलं आहे तोवर काळ्या चॉकलेटचे दोन डोळे काढायचे, की झालं भूत. पहिली भुतं तिरळी निघाली, मग हात बसला. दुपारनंतर पुड्या बांधून ती गल्लीतल्या दारोदार गेली.

"टेसा यंदा माझ्याशिवाय येणार, शेजारच्या ब्रिनबरोबर," ती प्रत्येकाला बजावत होती. "तिचं घुबडाचं सोंग आहे, तोंडावर मुखवटा. घुबडाच्या पिशवीत फक्त ही पुडी टाका. दुसरं काही म्हणजे काही नको."

कोपऱ्यावरचे म्हातारे वॉल्ट हसले. "घुबड ओळखायला मला चष्मा लागत नाही, पोरी. एवढी वर्षं एकाबरोबर संसार करतोय."

"ऐकू येतंय मला!" आतून त्यांची बायको ओरडली. "जोलीन, ती पुडी माझ्याकडे दे गं. हा पोरं यायच्या आतच गिळून बसेल."

अंधारून आलं. दारादारांतले भोपळे पेटले. घुबड आणि कोल्ह्याच्या सोंगातली ब्रिन पिशव्या घेऊन निघाली तेव्हा जोलीननं, श्वास कोंडलाच तर टोचायच्या इंजेक्शनचा बटवा टेसाच्या कमरेला बांधला आणि परत एकदा घोकवून घेतलं, घरी येईपर्यंत तोंडात काहीही टाकायचं नाही. "माहितेय गं," घुबड मुखवट्याआडून कुरकुरलं.

मग जोलीन आपल्या पायरीवर बसून बाकीच्या पोरांना खाऊ वाटत राहिली. गल्लीभर एकच आरडाओरडा चालला होता, "गोड देता की खोड काढू?" त्यातला टेसाचा आवाज ती शोधत होती. आज कितीतरी वर्षांनी तिला हा सण आवडत होता.

दोघी धापा टाकत घरात घुसल्या आणि गालिच्यावर फतकल मारून त्यांनी पिशव्या ओतल्या. या वेळेला सगळ्या गावातली पोरं हेच करतात. ढीग लावायचे आणि अदलाबदलीचा बाजार मांडायचा. घुबडाच्या पिशवीतून नुसती भुतंच भुतं पडली. जोलीनचं काळीज सुपाएवढं झालं.

घुबडानं मुखवटा काढला. आत ब्रिन होती.

कोल्ह्याच्या पुढ्यात शेंगदाण्याच्या वड्या, शेंगदाण्याचं लोणी भरलेली चॉकलेटं, नको ते सगळं पसरलं होतं. जोलीननं झेप घेऊन कोल्ह्याचा मुखवटा ओढला, टेसाची हनुवटी धरली, ओठ बघितले.

"काय खाल्लंस? बोल आधी!"

"काहीच नाही." टेसाच्या हातांत कोल्ह्याचे मोजे तसेच होते. एकही वेष्टन फुटलेलं नव्हतं.

"मग सोंगं का बदललीत रस्त्यात? मी इथे दिवसभर मरमर मरतेय आणि तू—"

"कारण तू सगळ्यांना घुबड म्हणून सांगितलं होतंस."

जोलीननं तिची हनुवटी सोडली. ब्रिनची नजर मात्र त्या शेंगदाण्याच्या चॉकलेटांवरून हलत नव्हती.

"माझी दोन भुतं घे, मला ती चारही दे," ती म्हणाली.

"हट्! एकाला एक. परवडत नसेल तर राहू दे."

"बरं बाई, एकाला एक. कंजूस कुठली!"

"पुरे झालं. आण ते सगळं इकडे," म्हणत जोलीन ढीग उचलायला वाकली. टेसानं मोजा घातलेला हात त्याच्यावर आडवा ठेवला.

"थांब ना गं आई. दुसऱ्या कुणाला हवं असं काहीतरी पहिल्यांदाच आहे माझ्याकडे."