दुसरा स्क्रीन

तीन दिवस मी कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टिमशी झटापट करत होतो. नकाशे काढायचं माझं काम घरूनच चालतं आणि त्याला दोन स्क्रीन लागतात. पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केल्यापासून डावा स्क्रीन काळाठिक्कर. ड्रायव्हर काढला, जुना टाकला, परत नवा टाकला. कॉम्प्युटर आपला एकच पालुपद लावून बसलेला: दोन स्क्रीन चालू आहेत, दोन्हींवर एकच चित्र दिसतंय.

त्यात पलीकडच्या खोलीतून बाबांची दर तासाला हाक, "अरे, टीव्ही बिघडलाय. जरा बघतोस का?"

"बाबा, इथे माझंच बिघडलंय! नंतर बघतो."

आज दुपारी पार वैतागलो आणि ताईला मेल लिहायला घेतला. पाठवावा की नाही ते ठरेना, म्हणून तसाच उघडा ठेवला. त्यानंतर बाबांची हाक काही आली नाही.

संध्याकाळी माझं मलाच कसंसं झालं, म्हणून त्यांच्या खोलीत गेलो. मागे कधीतरी फोटो दाखवायला त्यांच्या टीव्हीला जोडलेली केबल अजून माझ्या कॉम्प्युटरलाच होती. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत माझा मेल होता: 'ताई, बाबांचं आता मला झेपत नाही. तू त्यांना घेऊन जा.'

बाबा बॅगेत शर्ट रचत होते.

 

"टीव्ही राहू दे रे आता. माझी चष्म्याची डबी सापडत नाहीये, तेवढी जरा बघतोस का?"