लाल फुली

फाटकाशी उभ्या असलेल्या फणीबाईंचा हात डोक्याकडे निघाला, अर्ध्या वाटेत भानावर आला आणि कानामागची पिन चाचपून गुपचूप खाली उतरला. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मुलांना न्यायला आलेल्या बायका सावली धरून उभ्या होत्या.

"माझ्या जावेचं डोकं हो," फणीबाई त्यांतल्या एकीला म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. सारखं काहीतरी चालल्यासारखं वाटतं म्हणे. घरगुती काही असेल तर सांगा."

"कांद्याचा रस. अर्धा तास ठेवायचा."

"केला तिने."

"मग तेलात कापूर."

"तोही झाला. लिंबू झालं, दही झालं."

"अगंबाई! मग व्हिनेगर. पण पाणी घालून हं, नाहीतर सालटं निघतील." मागून दुसरी हसली. "आणि घरात तुम्ही असताना जाऊबाई आम्हाला कशाला विचारतात? तुमच्यासारखी नजर आहे का कुणाची?"

सगळ्या हसल्या. फणीबाईही हसल्या, आणि व्हिनेगर वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलं.

वहीच्या पुढच्या पानांवर दर सोमवारची नोंद होती. वर्ग, नाव, आणि डोक्यात ऊ-लीख सापडली तर लाल फुली. फुली म्हणजे हातात चिठ्ठी आणि तीन दिवस घरी. अकरा वर्षं शाळेतली डोकी बाईंच्याच हाताखालून जात होती. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, तोंडात कुणाच्या नव्हतं. या वहीमुळे त्यांना हेही ठाऊक होतं, की जिला उपाय तोंडपाठ, तिच्या घरी फुली एकदा जाऊन आलेली असते. आणि जी नाक मुरडून "आमच्यात नाही बाई असलं काही" म्हणते, तिच्या घरी दोनदा.

स्वतःच्या डोक्यात मात्र त्यांना काही सापडत नव्हतं. रोज सकाळी फणी कोरी निघायची आणि दुपारपर्यंत वळवळ सुरू. केसांना स्वयंपाकघराचा वास यायला लागला होता. त्यात मोठ्या बाईंनी आजच सांगितलं होतं: सोमवारी बाहेरची नर्स येणार, या वेळी शिक्षक-शिपाई सगळ्यांची डोकी बघणार. "सुरुवात तुमच्यापासून करू, म्हणजे कुणी कुरकुर करणार नाही."

सगळ्या मुलांसमोर. फणीबाईंच्या हातात चिठ्ठी.

घंटा झाली, पोरं पांगली, बायका गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर एकटी दुसरीतली मुलगी उरली. तिचे बाबा नेहमीच उशिरा येत. तिचे केस कानांच्या वर कापलेले होते, कसेतरी, घरच्या कात्रीने.

फणीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्याजवळ बसल्या. खिशातली बारीक दातांची फणी काढली.

"छकुले, जरा माझं डोकं बघशील?"

मुलीला नवल वाटलं नाही. ती बाकावर उभी राहिली. "कागद?"

वहीतला कोरा कागद फाडून फणीबाईंनी मानेखाली धरला.

"मान खाली," मुलगी म्हणाली. "श्वास धरायचा. हलायचं नाही."

शब्द फणीबाईंचेच होते. हातही. आधी कानांमागे, मग मानेवर, मग भांगाच्या दोन्ही बाजूंनी. फणी कागदावर झटकल्याचा आवाज आला की दर वेळी फणीबाई डोळे मिटून घेत.

"सापडलं?"

"बोलायचं नाही."

शेवटी तिने कागद हातात घेतला, उजेडात तिरपा धरला, फुंकर मारली. "काही नाही."

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

फणीबाईंनी श्वास सोडला. "मग एवढं खाजतं कशाने गं?"

"खाजतं," मुलगी जाणत्यासारखी म्हणाली. "तिसऱ्या वेळी माझ्यातपण काही नव्हतं. तरी खाजायचं. सगळे माझ्याकडेच बघायचे ना, म्हणून."

फणीबाईंना तो सोमवार आठवला. आजपासून तीन आठवड्यांपूर्वीचा. घंटा व्हायला आली होती, रांग संपत नव्हती, आणि या नावापुढे आधीच्या दोन फुल्या होत्या. तिसरी फुली आधी झाली, फणी नंतर फिरली. कागद कोरा होता. पण वहीत अकरा वर्षांत खाडाखोड नव्हती. त्यांनी चिठ्ठी दिली.

"आईला सांगितलं नाहीस? काही नव्हतं म्हणून?"

"सांगितलं की. आई म्हणाली, बाईंच्या वहीत आहे ना, मग असणारच." मुलगी बाकावरून खाली उतरली. "मग कापले."

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. तिने दप्तर खांद्याला अडकवलं.

"थांब जरा," फणीबाई म्हणाल्या. त्या आखूड, वेड्यावाकड्या केसांवरून फिरवायला त्यांनी हात उचलला.

मुलीने लगेच मान खाली घातली आणि श्वास धरला.